परसातला हौद आणि साक्षीची सही

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ४.५ इतकी नोंदविण्यात आली. नांदेड आणि परभणीतही लोक घराबाहेर धावत आले. त्याच वर्षी २१ मार्चलाही असाच धक्का बसला होता. सुदैवाने दोन्ही वेळा मोठी हानी झाली नाही. परंतु ज्या मराठवाड्याने १९९३ चा सप्टेंबर पाहिला आहे, त्या मराठवाड्यात भांडी वाजली तरी माणसे लेकरांना कवटाळतात. मी लातूरचा. आमच्याकडे तो धक्का जाणवला नाही. मला तो जाणवला आठवड्याने, आणि तोही टेलिफोनवरून.

फोन नांदेडहून होता. माझे धाकटे मेहुणे बोलत होते. त्यांनी काही वर्षांपूर्वी शहराच्या कडेला बंगला बांधला आणि परसात मुलांसाठी पोहण्याचा लहानसा तलाव केला. निळ्या फरशीचा तो हौद म्हणजे त्यांच्या कष्टाच्या आयुष्याने स्वतःला दिलेले बक्षीसच होते. धक्क्याने त्यांच्या कुंपणभिंतीचा एक भाग कलला आणि हौदाच्या भिंतीला उभा तडा गेला, असे त्यांनी सांगितले. घराचा विमा उतरविलेला होता. दावा दाखल करावयाचा होता. "दाजी, फक्त एक करा. मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला होता. तेव्हा हौद चांगला होता, एवढं लिहून सही करून द्या. निवृत्त मास्तरांच्या सहीला वजन असतं."

मे महिन्यात मी त्यांच्या घरी होतो, हे खरे. त्यांच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनसाठी आम्ही उभयता तेथे गेलो होतो. पाण्याची टंचाई असल्याने हौद कोरडा होता. सायंकाळी मी त्याच्या काठावर बसलो होतो आणि तो तडा मी तेव्हाच पाहिला होता. तो बोटभर रुंद नव्हता. केसासारखा होता, पण होता. मी तो मेहुण्यांना दाखविलाही होता. ते ही गोष्ट विसरले होते की विसरू इच्छीत होते, हे मला ठाऊक नाही.

ही घटना किरकोळ आहे. तिच्यात कोणाचा जीव गेला नाही, कोणी देशोधडीला लागले नाही. तरीही त्या एका सहीने मला अनेक रात्री जागविले. सामान्य माणसाची नीतिमत्ता बहुधा अशाच किरकोळ कागदांवर पणाला लागते. मोठे मोह मोठ्या माणसांच्या वाट्याला येतात. आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते ती साक्षीदाराची रिकामी रेघ.

माझ्या मनात प्रथम जो युक्तिवाद उभा राहिला, तो बहुतेकांच्या मनात उभा राहील. विमा कंपनी म्हणजे काही विधवा शेजारीण नव्हे. तिच्याकडे कोट्यवधी रुपये आहेत. तीही बारीक अक्षरांत आपल्याला पकडते. वर्षानुवर्षे हप्ते भरूनही मेहुण्यांनी एका पैचा दावा केला नव्हता. मग केसाएवढ्या तड्याविषयी मौन पाळले, तर नेमके कोणाचे नुकसान होते?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विमा म्हणजे काय, हे मुळातून पाहावे लागते. १६६६ साली लंडन शहर आगीत जळाले. त्यानंतर काही वर्षांनी, १६८० च्या सुमारास, निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने तेथे घरांचा आगीविरुद्ध विमा उतरविण्याचा व्यवसाय सुरू केला. परंतु त्यामागची कल्पना अधिक जुनी आहे. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची जोखीम पैसे घेऊन स्वतःवर घेणारे व्यापारी मध्ययुगातही होते. हा व्यवहार म्हणजे व्याजखोरीचाच एक प्रकार नव्हे ना, असा प्रश्न तेव्हाच्या धर्मपंडितांना पडला होता. सोळाव्या शतकातील स्पॅनिश डॉमिनिकन पंडित दोमिंगो दे सोतो यांनी या व्यवहाराला न्याय्य मानले. दुसऱ्याची जोखीम आपल्या खांद्यावर घेणे ही मोल असलेली गोष्ट आहे, सबब तिचे मोल घेण्यात अन्याय नाही, असा त्या विचाराचा आशय होता.

आपल्याकडील भिशीचा विचार केला तर हे अधिक सोपे होते. वीस घरे दरमहा थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याची पाळी येते त्याला एकरकमी पैसे मिळतात. विम्याची भिशी याहून विलक्षण आहे. तिच्यात आपली पाळी येऊ नये, अशीच प्रत्येकाची इच्छा असते. ज्याचे घर शाबूत राहते तो पैसे भरतो, आणि ज्याचे पडते त्याला ते मिळतात. मधली कंपनी ही त्या पेटीची राखणदार असते. तिला तिची मजुरी आणि नफा मिळतो. पेटीत पैसे असतात ते मात्र लोकांचे. त्यात नांदेडच्या शिक्षिकेचा हप्ता असतो, उदगीरच्या किराणा दुकानदाराचा असतो, कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या शिपायाचाही असतो. खोटा दावा या पेटीत हात घालतो. कंपनीचे फारसे बिघडत नाही. ती पुढील वर्षी हप्ता वाढविते. चोरी कंपनीकडे झाली असे आपण समजतो, पण तिची भरपाई अनोळखी शेजारी करतात. ते आपल्याला दिसत नाहीत, एवढ्यानेच त्यांचे शेजारपण संपत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. बहुतेक व्यवहारांत खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत, अशी अपेक्षा असते. विम्यात मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण सद्भाव राखावा, असा नियम आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका खटल्यात तो स्पष्ट केला. त्याचे कारण साधे आहे. घर मालकाचे, त्यातील ओल, भेगा, कच्चा पाया हे सर्व त्यालाच ठाऊक. विमा देणारा त्याच्या शब्दावर विसंबतो. परंतु हा नियम कंपनीलाही तितकाच लागू आहे, हे आपण विसरता कामा नये. तिने करारातील अपवाद लपवू नयेत, खरा दावा शब्दच्छलाने नाकारू नये. तसे घडल्यास ग्राहकाला तक्रार करता यावी, म्हणून आपल्या देशात १९९८ पासून विमा लोकपालाची व्यवस्था आहे. तेव्हा कंपनीच्या लबाडीला उत्तर देण्याचा उघड मार्ग उपलब्ध आहे. तिच्या लबाडीला आपली लबाडी जोडल्याने न्याय होत नाही. लबाड्या दोन होतात.

मी मेहुण्यांची पॉलिसी मागवून घेतली. ती 'भारत गृह रक्षा' या नावाची होती. विमा नियामकाने हा एकसारखा नमुना ठरवून दिला असून १ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्यांनी तो देणे बंधनकारक केले आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड या सर्वांपासून तीत संरक्षण आहे. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, हेही तीत मान्य केलेले आहे. कुंपणभिंत, फाटक, ओसरी, सेप्टिक टँक, गोबरगॅसचे सयंत्र, पाण्याच्या पक्क्या टाक्या, सौर पॅनेल अशी यादीच आहे. त्या यादीत पोहण्याच्या तलावाचे नाव मला आढळले नाही. विहिरीचेही आढळले नाही. पोहण्याच्या हौदाला पाण्याची पक्की टाकी म्हणावे काय, यावर दोन वकील आनंदाने वाद घालू शकतील.

त्याहून मला विचार करावयास लावले ते पुढील अपवादांनी. जमीन खचल्याने झालेली हानी भरून मिळते. पण नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाच्या जमिनीचे सरकणे, सदोष आराखडा, सदोष कारागिरी आणि निकृष्ट साहित्य यांमुळे झालेली हानी त्यातून वगळलेली आहे. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. वकिली भाषेत लिहिलेले ते आत्मपरीक्षणच होते. निसर्गाने काय केले आणि तू काय केलेस, हे वेगळे करून सांग, असे तो कागद विचारीत होता.

आमच्या भागातील काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मृगाच्या पावसात फुगते. तिच्यात हौद बांधावयाचा तर खाली खोल जाऊन मुरूम भरावा लागतो, भिंतीत पुरेशी सळई घालावी लागते. त्यात पाणी असते तोवर आतला भार बाहेरच्या मातीला तोलून धरतो. हौद कोरडा ठेवला की फुगणारी माती भिंतीला एकीकडूनच रेटते. मेहुण्यांचा हौद उन्हाळाभर कोरडा होता. भूकंपाने तो तडा रुंद केला असेल. परंतु त्याचा जन्म भूकंपाच्या आधीचा होता.

येथे मला 'ईश्वराची करणी' या शब्दप्रयोगाविषयी लिहिणे भाग आहे. पूर, वीज, भूकंप यांसारख्या आपत्तींना इंग्रजी कायद्याने हे नाव दिले आणि करारांच्या भाषेतून ते सर्वत्र पसरले. श्रद्धावंत माणसाच्या कानाला ते खटकल्याशिवाय राहत नाही. आपल्या ताब्याबाहेरचे जे वाईट, ते तेवढे देवाचे. आणि हप्ता, इमारत, नफा मात्र आपला?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे बावन्न गावे भुईसपाट झाली. सरकारी गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. 'हा देवाचा कोप आहे,' असे तेव्हा अनेकांनी म्हटले. कोणी गावाच्या पापांची यादीही केली.

तज्ज्ञ मात्र ढिगाऱ्यात वेगळेच पाहत होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानाने ती प्रचंड नव्हे. माणसे मेली ती घरांखाली. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, आणि वर ऊन-पावसापासून रक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या थर चढवीत गेलेले मातीचे जड माळवद. भिंती ढासळल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता. तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात मोडत असे. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. गरीब शेतकऱ्याने अज्ञानाने जड छप्पर घातले, आणि जाणकारांनीही त्याला सावध केले नव्हते. यात देवाचे काय आणि माणसाचे काय?

हा प्रश्न नवा नाही. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. कित्येक माणसे देवळांत उपासनेत असतानाच गाडली गेली. युरोपभर देवाच्या न्यायावर वाद पेटला. तेव्हा रूसोने व्हॉल्तेरला १७५६ साली लिहिलेल्या पत्रात एक साधी गोष्ट दाखविली. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधलेली नव्हती. आणि त्याच्याही कितीतरी आधी, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने निःसंदिग्धपणे सांगितले होते. मृतांच्या माथी पाप मारण्यास त्याने नकार दिला. पण ऐकणाऱ्यांना मात्र स्वतःकडे वळून पाहावयास लावले. आपत्तीकडे पाहण्याची याहून स्वच्छ दृष्टी मला माहीत नाही.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही काही शिक्षक मदतीचे धान्य घेऊन त्या भागात गेलो होतो. एका गावात पंचनामा चालू होता. घर किती खणांचे, जनावरे किती, माणसे किती, असे विचारून एक तरुण कर्मचारी लिहीत होता. तोही थकलेला, डोळे सुजलेला होता. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने सर्व सांगून झाल्यावर म्हटले, "साहेब, आड बी लिहा. बापानं खांदलेला आड हुता. दगडं आत गेली." कर्मचाऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि हळूच सांगितले, "बाबा, आडाचा रकाना नाही." म्हातारा काही बोलला नाही. त्याने हातातला दोर तसाच गुंडाळून काखेत मारला. मी ज्यांच्यात फिरलो, त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी विमा हा शब्द मी ऐकला नाही. त्यांच्याकडे पॉलिसी नव्हती. होता तो शासनाचा आणि समाजाचा शब्द.

तो शब्द बऱ्याच अंशी पाळला गेला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, नवी गावे वसली. परंतु तेथेही मोजमाप आलेच. भूमिहीनांना व अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचे घर, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. हानी सर्वांची झाली होती, पण मापात बसली ती ज्याची त्याच्या जमिनीप्रमाणे. प्रत्येक मोजपट्टी काही तरी बाहेर ठेवते. आडाचा रकाना पुढेही बराच काळ नसावा. कारण २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील विहिरी गाळाने भरल्या, तेव्हा ऑक्टोबरमध्ये शासनाला 'विशेष बाब' म्हणून विहिरीमागे ३० हजार रुपये जाहीर करावे लागले. एखाद्या म्हाताऱ्याने 'आड बी लिहा' म्हणण्याला बत्तीस वर्षांनी आलेले ते उत्तर होते, असे मला वाटले.

म्हणून रकाना नाही म्हणून गप्प बसावे, असे माझे म्हणणे नाही. रकाना नसेल तर तो मागावा, उघडपणे, मोठ्या आवाजात. म्हाताऱ्याने तेच केले. त्याने आडाला घराचा खण म्हणून लिहवून घेतले नाही. जे होते ते त्याच्या नावाने सांगितले. मेहुणे मात्र जुन्या तड्याला नवे नाव देऊ पाहत होते. या दोन माणसांमधील अंतर पैशाचे नव्हते.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे होतो. ज्या मुलखात पाणी रेल्वेने आणावे लागते, तेथे परसातल्या हौदाची भरपाई मागताना आवाज थोडा तरी खाली यावयास हवा, असे माझ्या मनात येई. पण मी स्वतःला आवरले. हौद बांधावा की नाही, हा मेहुण्यांच्या विवेकाचा प्रश्न होता. माझ्यापुढचा प्रश्न सहीचा होता. दुसऱ्याच्या चैनीवर रागावून स्वतःच्या कर्तव्याची सुटका करून घेणे, हाही एक सोयीस्कर मार्गच आहे.

मी नांदेडला गेलो. हौदाच्या काठावर बसून त्यांना म्हणालो, "मे महिन्यात मी जे पाहिलं, ते सगळं लिहून देतो. तडा होता, केसासारखा होता. आता तो रुंद झाला आहे. हेही लिहितो, तेही लिहितो." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दाजी, सख्खा माणूस म्हणून विचारलं होतं." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. सत्य सांगणाऱ्याला नेहमी समाधान लाभते, असे आपण मुलांना शिकवितो. मला तेव्हा समाधान लाभले नाही. चहा न घेता मी परतलो आणि बसमध्ये माझ्या पत्नीने माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. भाऊ तिचा होता.

मेहुण्यांनी अखेर माझे निवेदन जोडलेच. त्यामागे त्यांची नाइलाजाची भावना होती की आणखी काही, हे मी विचारले नाही. पाहणीसाठी आलेल्या सर्वेअरने कुंपणभिंतीची भरपाई मंजूर केली, हौदाची नाकारली. नवे गिलाव्याचे काम मेहुण्यांनी पदरच्या पैशाने करून घेतले. या वेळी गवंड्याने तळाशी मुरूम भरला.

पुढल्या नाताळात आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. जेवणानंतर त्यांनी मला परसात नेले. हौदात अर्धे पाणी होते. "सही केली असतीत तर फरशी आणखी चांगली बसली असती," ते म्हणाले. ते हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते. मी काठावर वाकून भिंत पाहिली. जुन्या तड्याच्या जागी गिलाव्याची फिकट रेघ दिसत होती. त्यांनी ती रंगवून झाकली नव्हती.